विश्लेषण : नऊ वॅटचा बल्ब घरचे बिल खरेच किती कमी करतो?

एलईडी बल्ब वापरा आणि बिल वाचवा, हा सल्ला आता जुना झाला. पण बल्ब बदलूनही एका घराचे बिल पाचशे रुपयांनी उतरते आणि शेजारच्या घराचे दहा रुपयांनीही उतरत नाही, असे का होते? कोणता दिवा आधी बदलावा, कोणता तसाच राहू द्यावा आणि ज्या घरांना या बचतीची सर्वाधिक गरज आहे तिथेच ती का पोहोचत नाही, याचा हा आढावा.

खेड्यातल्या घरात दिव्यांचा प्रश्न वेगळा का?

आषाढ-श्रावणात ढग उतरले, की रायगड जिल्ह्यातील अनेक गावांत दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो. घर कौलारू, माजघर खोल आणि खिडक्या लहान असतील तर भर दिवसाही. पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. अशा गावातल्या ज्या घरांत एसी नाही, गिझर नाही, पाणी चुलीवर किंवा गॅसवर तापते, तिथे विजेच्या बिलात मुख्य वाटा उरतो तो दिवे, पंखे, टीव्ही आणि फ्रिजचा. शहरातल्या वातानुकूलित फ्लॅटमध्ये दिव्यांची बचत मोठ्या बिलात हरवून जाते. इथे ती लगेच दिसते.

त्यात खेड्यातल्या घरात एक दिवा असा असतो, जो शहरातल्या घरात बहुधा नसतो. तो म्हणजे पडवीतला किंवा मागच्या दारी, गोठ्याजवळ रात्रभर जळणारा बल्ब. साप-विंचवाची भीती, गुरांची काळजी, रात्री उठणारी म्हातारी माणसे, अशा कारणांनी तो बंद करता येत नाही. बिलात सर्वात जास्त खाणारा दिवा अनेकदा हाच असतो.

हिशेब कसा करायचा?

सूत्र सोपे आहे. बल्बवर लिहिलेले वॅट गुणिले रोजचे तास, भागिले एक हजार म्हणजे दिवसाचे युनिट. त्याला ३० ने गुणले की महिन्याचे.

गागोदे बुद्रुकसारख्या गावात एका घरात ६० वॅटचे पाच साधे बल्ब आहेत असे धरू. पडवी आणि माजघरातला प्रत्येकी पाच तास, स्वयंपाकघरातला चार तास, न्हाणीघरातला एक तास आणि मागच्या दारचा रात्रीचे दहा तास. एकूण २५ तास झाले. ६० वॅटने गुणले तर दिवसाला दीड युनिट, महिन्याला ४५ युनिट.

या पाचही जागी नऊ वॅटचे एलईडी लावले, तर महिन्याचा वापर पावणेसात युनिटवर येतो. म्हणजे ३८ युनिटची बचत. उजेड कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. यातली १५ युनिटहून अधिक बचत एकट्या मागच्या दारच्या बल्बची आहे. न्हाणीघरातल्या बल्बची मात्र दीड युनिटच. त्यामुळे सगळे बल्ब एकदम घेणे जमत नसेल, तर सर्वाधिक तास जळणारा आधी बदलावा.

शंभर युनिटची रेषा का महत्त्वाची?

३८ युनिट वाचले, पण रुपये किती? याचे उत्तर प्रत्येक घरात वेगळे आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे असतात : शंभर युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला दुसरा, पुढे आणखी चढे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने २०२४-२५ साठी मंजूर केलेल्या दरांत वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटना ५ रुपये ८८ पैसे पडत होते आणि १०१ व्या युनिटपासून ११ रुपये ४६ पैसे. त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरले, तर हेच आकडे सुमारे ६ रुपये ८२ पैसे आणि १३ रुपये २९ पैसे होतात. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घ्यावेत. हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शंभरचा आकडा ओलांडला की सगळेच युनिट महाग होतात, असे अनेकांना वाटते. तसे नाही. पहिले शंभर स्वस्त दरानेच राहतात आणि त्यावरचे तेवढे महाग होतात. पण बचत करताना हीच गोष्ट कामी येते, कारण वाचलेले युनिट नेहमी वरून कमी होतात. आधी महाग युनिट जातात, मग स्वस्त.

आता तीन घरे पाहू. तिघांनीही ३८ युनिट वाचवले. ज्या घराचा वापर महिन्याला १८० युनिट आहे, त्याची सगळी बचत महाग टप्प्यातली. महिन्याला साधारण ५०० रुपये. ज्याचा वापर १३० आहे, त्याचे ३० युनिट महाग दराचे आणि बाकीचे स्वस्त दराचे. बचत साधारण ४५० रुपये. ज्याचा वापर मुळातच ८० युनिट आहे, त्याला महिन्याला २६० रुपये. बल्ब तेच, तास तेच, पण रुपयांत जवळपास दुपटीचा फरक.

पाच चांगल्या एलईडी बल्बना पाचशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. म्हणजे साधे बल्ब बदलणाऱ्या घराचा खर्च एक ते दोन महिन्यांत वसूल होतो. घरातल्या दुसऱ्या कुठल्या खरेदीत पैसे इतक्या लवकर परत येत असतील असे वाटत नाही.

साधा बल्ब एवढी वीज का खातो?

कारण तो मुळात दिवा कमी आणि शेगडी जास्त आहे. काचेच्या फुग्यातली टंगस्टनची तार तापून पांढरी होते तेव्हा उजेड पडतो. त्याला मिळालेल्या विजेपैकी सुमारे पाच टक्क्यांचाच उजेड होतो, बाकीची उष्णता होऊन जाते. सीएफएलमध्ये पाऱ्याच्या वाफेतून वीज जाते, अतिनील किरण निघतात आणि नळीच्या आतला लेप त्यांचा दिसणारा उजेड करतो. त्यामुळे तिथे तोटा बराच कमी.

एलईडीत तार नाही, वायू नाही. अर्धवाहक पदार्थाच्या बारीक तुकड्यातून वीज गेली, की थेट प्रकाश निघतो. लाल आणि हिरव्या एलईडी अनेक दशके होत्या. घर उजळायला लागणारा पांढरा प्रकाश मिळत नव्हता, कारण निळी एलईडी जमत नव्हती. ती जमवणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. आज घरात जो पांढरा बल्ब लागतो, त्यात निळी एलईडी आणि तिच्यावर पिवळा लेप असतो.

३१० रुपयांचा बल्ब ३८ वर कसा आला?

वीज वाचवणारे दिवे घराघरांत नेण्याचा केंद्राचा पहिला मोठा प्रयत्न २००९ च्या बचत लॅम्प योजनेचा. जुना बल्ब द्या आणि १५ रुपयांत सीएफएल घ्या, अशी ती कल्पना होती. उरलेला खर्च कार्बन क्रेडिट विकून भरून काढायचा होता. पण जागतिक बाजारात त्या क्रेडिटचे भाव कोसळले आणि योजनाही मंदावली.

नंतर दिशा बदलली. सरकारी कंपन्यांची भागीदारी असलेल्या एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड, म्हणजे ईईएसएल या कंपनीने बल्बची एकगठ्ठा खरेदी सुरू केली. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेली ही मोहीम पुढे ‘उजाला’ नावाने ओळखली गेली. लाखो, मग कोट्यवधी बल्बच्या निविदा निघाल्या आणि कंपन्यांत चढाओढ लागली. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा एलईडी बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांच्या खरेदी दरापर्यंत खाली आला. ग्राहकाला तो ७० रुपयांच्या आसपास मिळू लागला आणि अनेक ठिकाणी बिलातून हप्त्याने पैसे देण्याचीही सोय होती.

देशभरात या योजनेत ३६ कोटींहून अधिक बल्ब विकले गेले, त्यातले दोन कोटींहून अधिक महाराष्ट्रात. वर्षाला जवळपास ४८ अब्ज युनिट वाचतात, असा सरकारचा अंदाज आहे. पण योजनेचा खरा परिणाम तिच्या बाहेरच दिसला. खासगी दुकानातल्या बल्बचे भावही पडले. आज पेणच्या बाजारात एलईडी मिळणे अवघड नाही. अवघड आहे ते चांगली एलईडी ओळखणे.

सीएफएल आणि ट्यूबलाइटही बदलावी का?

घाई करू नये. १५ वॅटची सीएफएल काढून नऊ वॅटचा एलईडी लावला, तर रोज पाच तासांच्या वापरात महिन्याला एक युनिटही वाचत नाही. रुपयांत सांगायचे तर सहा ते बारा. चालू सीएफएल बंद पडू द्यावी, मग बदलावी. पारा असलेल्या उत्पादनांबाबतच्या मिनामाटा करारानुसार घरगुती सीएफएल २०२५ पर्यंत हद्दपार करण्याचे सदस्य देशांनी ठरवले होते, त्यामुळे पुढची खरेदी आपोआप एलईडीचीच होईल. सीएफएल फुटली तर मात्र झाडूने गोळा करून चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नये. खिडक्या उघडाव्यात, तुकडे ओल्या कागदाने गोळा करून बंद डब्यात ठेवावेत आणि ई-कचरा संकलनात द्यावेत.

जुन्या जाड ट्यूबलाइटचा हिशेब वेगळा. नळीवर ४० वॅट लिहिलेले असते, पण पट्टीतला तांब्याचा चोक आणखी दहा-बारा वॅट खातो. ती ५० च्या वर जाते. त्याऐवजी २० वॅटची एलईडी पट्टी लावली, तर रोज पाच तासांना महिन्याला सुमारे पावणेपाच युनिट वाचतात. घराच्या टप्प्यानुसार ३० ते ६० रुपये. वर्षभरात पट्टीचे पैसे बहुधा सुटतात.

खोक्यावर काय पाहावे?

वॅट हे विजेचे माप आहे, उजेडाचे नाही. उजेडाचे माप म्हणजे ल्युमेन. ६० वॅटचा साधा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देतो आणि नऊ वॅटचा चांगला एलईडी ९०० च्या आसपास. म्हणजे न्हाणीघर, जिना, मागचे दार अशा ठिकाणी पाच-सात वॅटही पुरतात. सरसकट नऊ वॅट घेण्याची गरज नाही.

दुसरी खूण भारतीय मानक ब्युरोची. एलईडी बल्बसाठी नोंदणी बंधनकारक असून खोक्यावर आयएस १६१०२ हा मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तिसरी खूण ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या तारांकनाची. तारे जास्त, तेवढा एका वॅटमागे उजेड जास्त. चौथी गोष्ट हमीची. दुकानदाराकडून पावती घ्यावी आणि बल्बच्या टोपणाजवळ पक्क्या शाईच्या पेनाने खरेदीची तारीख लिहून ठेवावी. पावती हरवते, तारीख राहते.

ही काळजी अनाठायी नाही. २०१७ मध्ये दिवे उद्योगाच्या एल्कोमा या संघटनेसाठी नील्सनने मुंबई, दिल्ली, अहमदाबाद आणि हैदराबादमधील दोनशे दुकानांत पाहणी केली. त्यात एलईडी बल्बचे ७६ टक्के ब्रँड ग्राहक सुरक्षेच्या निकषांत बसले नव्हते. मोठ्या शहरांत ही स्थिती असेल, तर आठवडी बाजारात बिनखोक्याचा बल्ब घेताना दोनदा विचार करायला हवा.

रंगाचाही विचार करावा. खोक्यावर २७०० किंवा ३००० के असेल तर पिवळसर उजेड, ६५०० के असेल तर पांढरा. अभ्यासाला आणि स्वयंपाकाला पांढरा बरा वाटतो. पडवीत पिवळसर लावला, तर पावसाळ्यात पाखरे कमी येतात. जिथे रंग नीट ओळखायचे असतात, तिथे आणखी एक आकडा पाहावा लागतो : सीआरआय. पेण तालुक्यात हमरापूर, जोहे परिसरातील गणपतीच्या कारखान्यांत रात्री उशिरापर्यंत रंगकाम चालते. तिथे ८० पेक्षा ९० सीआरआयचा दिवा थोडा महाग पडला तरी मूर्तीचा रंग दिवसा वेगळा दिसण्याचा धोका कमी होतो.

कोकणात एलईडी लवकर का जातात?

खोक्यावर २५ हजार तासांचे आयुष्य लिहिलेले असते. रोज पाच तास धरले तर साडेतेरा वर्षे. प्रत्यक्षात अनेक बल्ब दोन-तीन वर्षांत मान टाकतात. त्यात बहुतेकदा एलईडी जात नाही, तिला वीज पुरवणारे आतले छोटे सर्किट जाते. त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याचे तीन शत्रू : उष्णता, ओल आणि विजेचा झटका.

कोकणात तिन्ही आहेत. वीजवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वाड्यांवर व्होल्टेज खाली-वर होते. पावसात झाडे तारांवर पडतात, वीज जाते, आणि परत येते तेव्हा क्षणभर झटका बसतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडमधील खांब आणि तारा पडून कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. एवढे मोठे संकट रोजचे नसले, तरी लहान झटके दर पावसाळ्यात असतात.

उपाय साधे आहेत. वीज गेली की दिव्यांची बटणे बंद करावीत आणि ती आल्यावर मिनिटभराने लावावीत. १०० ते ३०० व्होल्टवर चालणारा आणि झटका सहन करण्याची क्षमता लिहिलेला बल्ब घ्यावा. काचेच्या बंद गोळ्यात एलईडी लावू नये, उष्णता अडकते. मागच्या दारी पावसाची झड येत असेल तर बल्ब उलटा, टोपण वर आणि वर आडोसा, असा बसवावा.

बल्ब बदलूनही बिल कमी का होत नाही?

पहिले कारण, घरात साधे बल्ब मुळात राहिलेलेच नसतात. सीएफएल जाऊन एलईडी आले, तर बचत किरकोळच असणार. दुसरे कारण, बिलातला स्थिर आकार. एक युनिट वापरले नाही तरी तो लागतो आणि बल्ब बदलून तो कमी होत नाही.

तिसरे कारण सवयीचे. बल्ब कमी खातो म्हटल्यावर तो बंद करण्याची सवय सुटते. नऊ वॅटचा एक बल्ब विनाकारण रोज बारा तास चालू राहिला, तर महिन्याला सव्वातीन युनिट जातात. असे चार बल्ब म्हणजे १३ युनिट.

चौथे कारण छताला लटकलेले असते. जुना पंखा ७५ वॅट खातो. रोज बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट, म्हणजे एलईडी लावलेल्या घरातल्या सगळ्या दिव्यांच्या चौपट. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्याने त्यातले १६ युनिट वाचतात. किंमत अडीच-तीन हजारांच्या घरात, त्यामुळे पैसे सुटायला एक ते अडीच वर्षे लागतात. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकन बंधनकारक आहे, त्यामुळे तुलना करणे सोपे झाले आहे. दिवे झाले असतील, तर पुढची पायरी पंख्याची.

गरिबांच्या घरी ही बचत का अडते?

महावितरणच्या दरांत दारिद्र्यरेषेखालील घरांसाठी वेगळा, अगदी स्वस्त वर्ग आहे. त्याची अट वर्षाला ३६० युनिटची, म्हणजे महिन्याला सरासरी ३०. ती ओलांडली की पुढे ग्राहक सर्वसाधारण घरगुती वर्गात जातो.

अशा घरात ६० वॅटचे दोन बल्ब रोज पाच तास लागले, तर महिन्याचे १८ युनिट तिथेच संपतात. पंखा, टीव्ही, मोबाइल यांसाठी उरतात बारा. तेच दोन बल्ब एलईडी असतील तर दिव्यांना तीन युनिटही लागत नाहीत. वर्षाचा फरक सुमारे १८६ युनिट. संपूर्ण मर्यादेचा अर्धा वाटा केवळ बल्बच्या निवडीवर ठरतो. पेण तालुक्यातील कातकरी आणि ठाकूर वाड्यांवरच्या कुटुंबांसाठी प्रश्न महिन्याच्या शंभर रुपयांचा नाही, स्वस्त वर्गात राहण्याचा आहे.

आणि नेमके इथेच अडते. २०१७ च्या सौभाग्य योजनेत गरीब घराला जोडणीसोबत एक एलईडी दिवा मिळण्याची तरतूद होती. दुसरा दिवा कुटुंबाने स्वतः घ्यायचा. हातात रोजंदारीचे पैसे असतात तेव्हा शंभरच्या एलईडीपेक्षा वीसचा साधा बल्ब परवडतो. तो महिन्याला नऊ युनिट खातो हे बिल आल्यावर कळते, तेही बिल वाचता आले तर. युरोपने साधे बल्ब २००९ पासून टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. आपल्याकडे ते आजही दुकानात आहेत.

ही अडचण सरकारला माहीत नव्हती असे नाही. १९ मार्च २०२१ रोजी बिहारमधील आरा येथून ग्राम उजाला योजना सुरू झाली. चालू स्थितीतला साधा बल्ब जमा करून दहा रुपयांत एलईडी, एका घराला पाचपर्यंत. पहिल्या टप्प्यासाठी जाहीर झालेल्या ठिकाणांत नागपूरचे नाव होते. पण पुढे वाटप झाले ते बिहार, उत्तर प्रदेश, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि तेलंगणा या राज्यांत. महाराष्ट्रातल्या वाड्या-वस्त्यांना दहा रुपयांचा बल्ब मिळाला नाही.

राज्याने हे काम स्वतः हाती घ्यायला काय हरकत आहे? पन्नास घरांच्या वाडीत घरटी दोन बल्ब म्हणजे शंभर बल्ब. एकगठ्ठा खरेदीत हा खर्च दहा हजारांच्याही आत बसतो. ग्रामपंचायत किंवा महिला बचत गटांमार्फत जुना बल्ब घेऊन नवा देता येईल. जुना जमा करणे महत्त्वाचे, नाहीतर तो दुसऱ्या खोलीत लागतो. महावितरणनेही बिलावर एक ओळ ठळक छापावी : ‘तुमचे शेवटचे युनिट इतक्या रुपयांना पडले.’ तेवढ्या एका आकड्याने ग्राहकाला बल्ब बदलण्याचा अर्थ कळेल.

सुरुवात कुठून करावी?

आधी बिल पाहावे : वापर शंभरच्या आत आहे की बाहेर. मग संध्याकाळी घरभर फिरून साधे बल्ब मोजावेत आणि त्यापुढे तास लिहावेत. रात्रभर जळणारा बल्ब सर्वात आधी बदलावा, मग पडवी आणि माजघर. चोकवाली ट्यूब त्यानंतर. चालू सीएफएलला हात लावू नये. एक महिन्याने नवे बिल जुन्याशेजारी ठेवून रुपये नव्हे, युनिट ताडून पाहावेत, कारण दर बदलला तरी युनिट खोटे बोलत नाहीत. युनिट उतरले नसतील, तर मान वर करून पंख्याकडे पाहावे.